घरी ब्रेक पॅड आणि डिस्क बदलताना: आधी हब पाहा

प्रश्न असा आहे. पेट्रोलवर चालणारी, पाच वर्षांची छोटी मोटार. धाव ५५,००० किलोमीटर. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरते आणि स्टिअरिंगही हातात नाचते. वर्षभरापूर्वी याच तक्रारीसाठी पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) आणि त्यांना दाबणारे पॅड बदलून घेतले होते. सहा महिने गाडी शांत राहिली आणि मग थरथर परत आली. आता पुन्हा दोन्ही बदला, असे सांगण्यात आले आहे. तेव्हा डिस्क खरोखर बदलाव्या लागतील का, आणि लागणारच असतील तर हे काम कोल्हापुरात स्वतःच्या घरासमोर करता येईल का?

करता येईल. पुढच्या चाकांचे पॅड आणि डिस्क बदलणे हे मोटारीच्या अवघड कामांत मोडत नाही. मात्र तुमच्या प्रश्नातले सर्वांत बोलके वाक्य 'सहा महिने गाडी शांत राहिली' हे आहे. डिस्क मुळातच सदोष असती तर थरथर पहिल्या आठवड्यातच जाणवली असती. काही महिन्यांनी ती परत येते तेव्हा नवी डिस्क जुन्या गंजावर बसवली गेली असण्याची शक्यता सर्वांत मोठी असते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंचवीस वर्षे हेच काम करताना माझे असे मत झाले आहे की या कामातला बहुतेक वेळ साफसफाई आणि मोजमाप यांतच जायला हवा. ती नीट झाली तर भाग बसवायला फारसा वेळ लागत नाही.

आधी घाटाचा हिशेब पाहू, कारण ब्रेकवर काय गुदरते हे त्यावरून कळते. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर खाली उतरली की सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत साधारण १८ लिटर पाणी, म्हणजे एक मोठी घागर, नेहमीच्या तापमानापासून उकळीला येईल. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरल्यास यातला मोठा वाटा इंजिन आणि हवेचा विरोध उचलतात. गाडी न्यूट्रलला टाकून उतरणारा मात्र या घागरीचा बराच मोठा भाग आपल्या ब्रेकवर तापवत असतो. डिस्क राखाडी बिडाची असते ती याच कारणासाठी. त्या बिडातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंपने शोषली जातात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे बीड ओतणे म्हणजे काय हे कोल्हापूरकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही, पण आपल्या गाडीच्या चाकात तेच बीड फिरते आहे हे अनेकांच्या ध्यानात नसते.

आता थरथरीबद्दल. 'डिस्क वाकडी झाली' असे सर्रास म्हटले जाते, परंतु उष्णतेने डिस्क भाकरीसारखी वाकल्याची उदाहरणे मी फारच थोडी पाहिली आहेत. प्रत्यक्षात घडते ते असे. चाक ज्यावर बसून फिरते त्या हबच्या बैठकीवर, म्हणजे डिस्क ज्या सपाट भागावर टेकते तिथे, गंजाचा एखादा पापुद्रा राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते. बैठकीचा व्यास १३० मिलिमीटर आणि डिस्कचा २५० धरला, तर बैठकीच्या कडेवरचा ०.०५ मिलिमीटरचा पापुद्रा डिस्कच्या काठावर जवळजवळ दुप्पट, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा डोल, म्हणजे फिरताना काठाचे आतबाहेर हलणे, निर्माण करतो. बहुतेक कंपन्या डोलाची कमाल मर्यादा याच्या आसपास किंवा याहून कमी ठेवतात. सुरुवातीला हा डोल पायाला जाणवत नाही, कारण कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, पिनांवर सरकून तो सांभाळून घेतो. पण ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला हलकेच घासत राहतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर त्या जागी डिस्क इतर भागापेक्षा पातळ होते. जाडीतला हा फरक मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांइतका झाला तरी पेडल थरथरू लागते. तुमचे सहा महिने बहुधा इथे खर्च झाले.

थरथरीचे दुसरे कारण घाटवाटेवर राहणाऱ्यांनी ओळखून ठेवावे. घाट उतरून तळाशी चहाला थांबताना तापलेल्या डिस्कवर पेडल दाबूनच धरले, तर पॅडचे द्रव्य त्या जागी चिकटून ठसा उमटतो आणि पुढे तोच ठसा दर फेऱ्यात पायाला लागतो. म्हणून उतार संपल्यावर एक-दोन किलोमीटर गाडी ब्रेकविना चालू द्यावी आणि थांबल्यावर पेडलवरून पाय काढून गाडी गिअरमध्ये ठेवावी.

काही खरेदी करण्यापूर्वी मोजमाप करा. चाक काढल्यावर पॅडच्या घर्षणद्रव्याची जाडी पाहा. नव्या पॅडवर ती साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असते आणि ३ मिलिमीटर उरली की पॅड बदलावेत. मागची लोखंडी पट्टी यात धरू नये, ही चूक फार होते. डिस्कची किमान जाडी तिच्या काठावर किंवा मधल्या टोपीवर कोरलेली असते. डिस्कच्या काठाला न झिजलेली कड उरते आणि व्हर्नियर तिच्यावर टेकला की माप फसवे येते, म्हणून मायक्रोमीटरने आतल्या पट्ट्यावर सात-आठ ठिकाणी मोजावे. मायक्रोमीटर घरात नसतोच. पण या शहरात लेथ असलेला एखादा ओळखीचा माणूस बहुतेकांना असतो, त्याच्याकडून तासाभरासाठी मागून आणावा, शक्य झाल्यास चुंबकी स्टँडसह डोल मोजणारा डायल गेजही आणावा. जाडी कोरलेल्या आकड्यापेक्षा कमी असेल, पृष्ठभागावर नखाला अडणाऱ्या खोल चऱ्या असतील किंवा काठापर्यंत गेलेल्या भेगा असतील, तर डिस्क बदलणे भाग आहे. जाडी भरपूर असेल तर डिस्क लेथवर साफ करून घेता येते, पण छोट्या गाड्यांच्या डिस्कमध्ये मुळातच दोनेक मिलिमीटरचीच सवलत असते. तासलेली डिस्क लवकर तापते, म्हणून घाटात नियमित जाणाऱ्याला मी तो सल्ला देत नाही. दोन्ही बाजूंचे भाग नेहमी जोडीनेच बदलावेत आणि बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्यावेत.

जागा सपाट आणि टणक हवी. पेव्हिंग ब्लॉक जॅकखाली खचतात. तिथे जाड फळी घालावी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. गाडीबरोबर आलेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. गाडी उचलल्यावर ती चेसिसच्या नेमून दिलेल्या जागी घोडीवर, म्हणजे गाडी पेलणाऱ्या लोखंडी तिवईवर, टेकवावी आणि मगच हात घालावा. विटांची चळत ही घोडी नव्हे. वीट न सांगता फुटते. काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे घोडी घसरलीच तर गाडी त्याच्यावर थांबेल.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली तर कोणती क्लिप कुठे होती हे तिच्याकडे पाहून कळते. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा पंपाने फुंकू नये. पॅडमध्ये कोणती द्रव्ये आहेत हे पाकीट पाहून कळत नाही आणि ही बारीक धूळ फुप्फुसात जाते. मास्क लावून ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने ती ओली करूनच पुसावी. कॅलिपरचे बोल्ट काढल्यावर कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेच्या आकड्याने स्प्रिंगला बांधून ठेवावा. नळी बाहेरून शाबूत दिसली तरी आतून चिरू शकते. कॅलिपर सुटा असताना कोणीही पेडल दाबता कामा नये, नाहीतर पॅडला ढकलणारा पिस्टन बाहेर येईल. घरात उत्साही मुले असतील तर गाडीची किल्ली खिशातच ठेवा.

आता पिना, ज्यांच्याकडे गॅरेजांतही फारसे कोणी पाहत नाही. छोट्या गाड्यांचा कॅलिपर एकाच बाजूने ढकलतो: पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सारा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो. पिना अडकल्या की बाहेरचा पॅड जवळजवळ निवृत्त होतो आणि आतला एकटा राबतो. मागच्या पावसाळ्यात राधानगरीकडून आलेल्या एका गाडीचा बाहेरचा पॅड ७ मिलिमीटर शिल्लक होता आणि आतला घासून लोखंडाला लागला होता. डिस्कच्या आतल्या बाजूवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चऱ्या उमटल्या होत्या, पण चाकाच्या फटीतून दिसणारी बाहेरची बाजू आरशासारखी होती. खालची पिन पान्ह्याने मागेपुढे फिरवत काढली तेव्हा तिच्यावर ग्रीस नव्हते, करपलेल्या गुळासारखा तपकिरी थर होता, आणि पिनेवरचा धूळ अडवणारा रबरी बूट फुगून मऊ पडला होता. कोणीतरी बेअरिंगचे साधे ग्रीस चोपडले होते. खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकचे रबर फुगते, म्हणून इथे फक्त ब्रेकसाठी बनवलेले सिलिकॉन किंवा तत्सम रबरसुरक्षित ग्रीस वापरावे, तेही पातळ थरात. भोकात ग्रीस ठासून भरले तर आत अडकलेली हवा पिन परत बाहेर ढकलते. दोन्ही पिना एकसारख्या दिसल्या तरी काही गाड्यांत एकीच्या टोकाला रबरी बुश असतो, त्यामुळे वरची वर आणि खालची खालीच गेली पाहिजे. साफ केलेली पिन बोटाच्या दाबाने सरकली पाहिजे. तिच्यावर गंजाचे खड्डे असतील तर पिन आणि बूट नवे घ्यावेत.

कॅलिपरचा ब्रॅकेट, म्हणजे त्याला धरणारी चौकट, काढल्यावर डिस्क सुटी होते, असे पुस्तकात असते. आपल्याकडच्या पावसात ती हबला चिकटलेली असते. डिस्कच्या टोपीवर आटे असलेली दोन भोके असतील तर त्यांत योग्य मापाचे बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत, डिस्क स्वतःहून सुटते. भोके नसतील तर गंज सोडवणारे तेल मारून अर्धा तास थांबावे आणि चाकाचे नट ज्यांवर चढतात त्या स्टडच्या मधल्या जागेवर फिरत फिरत ठोकावे. काठावर घणाचे घाव घालून बेअरिंग खराब करू नये. डिस्क धरणारा छोटा स्क्रू असेल तर साध्या स्क्रू ड्रायव्हरने त्याचे डोके हमखास खराब होते. ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा.

आणि आता हब. तुमच्या गाडीत नेमके इथेच लक्ष द्यायचे आहे. डिस्क निघाल्यावर बैठकीवर तपकिरी पापुद्रे दिसतील, विशेषतः स्टडच्या मुळाशी आणि मधल्या उंचवट्याच्या कडेला, जिथे वायर ब्रश पोहोचत नाही. आधी ब्रश, मग लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर, आणि स्टडच्या मुळाशी पेपरची गुंडाळी बोटाने फिरवून हब स्वच्छ करावा. ग्राइंडर लावू नये, कारण तो गंजाबरोबर धातूही खातो आणि बैठकीचा सपाटपणा जातो. शेवटी डोळे मिटून बैठकीवरून बोट फिरवावे. खरखर लागली तर काम झालेले नाही. जुनी डिस्कच पुन्हा वापरणार असाल तर तिची आतली बाजूही अशीच साफ करावी. नव्या डिस्कवर गंज टाळण्यासाठी तेल लावलेले असते, ते ब्रेक क्लीनरने किंवा साबणाने धुऊन कोरडे करावे. मग डिस्क चढवून चाकाचेच दोन-तीन नट वॉशर घालून हाताने आवळावेत, डायल गेजचे टोक काठापासून सुमारे १० मिलिमीटर आत टेकवावे आणि डिस्क एक पूर्ण फेरा फिरवावी. गेज ०.०५ च्या आत राहिला तर उत्तम. जास्त हलला तर डिस्क एक स्टड पुढे फिरवून पुन्हा मोजावी. अनेकदा तेवढ्याने माप जुळते. दुकानात हे कोणी करत नाही, कारण गिऱ्हाईक पाणी पिऊन होईपर्यंत गाडी मागत असते.

पिस्टन मागे सारण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण सैल करून पातळी पाहावी. पॅड झिजल्यावर कोणी ऑइल भरून ठेवले असेल तर पिस्टन मागे जाताना ते उतू जाते आणि बॉनेटखालचा रंग उतरवते. सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्पने तो अगदी सावकाश दाबावा. पिस्टनच्या रबरी बुटाला चीर असेल किंवा कडेने ओल दिसत असेल, तर काम तिथेच थांबवून कॅलिपर दुरुस्तीला द्यावा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते: डॉट ४ दर्जाच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मिसळले की ती हमी १५५ अंशांवर येते. ऑइल दोन वर्षांत बदललेले नसेल तर घाटात उतरण्याआधी ते बदलून घ्या. ऑइल बदलताना नळ्यांतली हवा काढावी लागते; ते काम पहिल्याच प्रयत्नात घरी करू नये, असे माझे मत आहे.

ब्रॅकेटमधल्या पॅड सरकण्याच्या खाचा घासून साफ कराव्यात, क्लिपा नव्या घालाव्यात आणि पॅडच्या कानांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पुसट हात फिरवावा. घर्षणाच्या बाजूला ग्रीसचा ठिपकाही चालत नाही. झीज कळवण्यासाठी किंचाळणारी पत्र्याची जीभ असलेला पॅड बहुतेक गाड्यांत आत बसतो. दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा. बोल्ट किती आवळायचे ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावे. अंदाज यावा म्हणून सांगतो: छोट्या गाड्यांत पिनांचे बोल्ट साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटरच्या घरात असतात आणि ब्रॅकेटचे त्याच्या तिपटीपर्यंत. पिनेच्या बोल्टवर ब्रॅकेटएवढा जोर लावला तर तो तुटतो. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्ह्यानेच, आवळावेत. हवेच्या गनने वेडेवाकडे आवळलेले नटही डिस्क तिरकी धरतात, मग हब कितीही स्वच्छ असला तरी.

गाडी जमिनीवर आली की सुरू करण्याआधी पेडल टणक होईपर्यंत पंप करा. हे वाक्य मी अनुभवाने लिहितो आहे. उमेदवारीच्या दिवसांत नवे पॅड बसवून झाल्याच्या आनंदात मी गाडी सरळ मागे घेतली. मागे सारलेले पिस्टन अजून पॅडपर्यंत आलेच नव्हते, पेडल जमिनीला टेकले आणि गाडी मालकाच्या दारातल्या तुळशी वृंदावनाला जाऊन लागली. वृंदावनाचा कोपरा गेला, बंपर बचावला, आणि काकूंनी मला त्यानंतर दोन वर्षे चहा विचारला नाही. पंप केल्यावर टाकीतली पातळी पुन्हा पाहून झाकण घट्ट लावा. पंप करूनही पेडल लिबलिबीत राहिले तर आत हवा आहे. गाडी रस्त्यावर काढू नका.

नव्या पॅडला डिस्कशी जुळवून घ्यायला वेळ द्यावा लागतो. पहाटे मोकळ्या, सरळ रस्त्यावर, आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागायच्या आत, ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा; दर वेळी अर्धा मिनिट मोकळे चालवावे आणि मध्ये पूर्ण थांबू नये. शेवटी दहा मिनिटे ब्रेक न वापरता फिरून घरी यावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळावा. शंभर किलोमीटरनंतर चाकाच्या नटांचा टॉर्क पुन्हा तपासावा.

मागेही डिस्क असलेल्या गाड्यांचे काम यात धरू नका. तिथे बऱ्याच पिस्टनना दाबत दाबत फिरवावे लागते, आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर तो स्कॅनरने दुरुस्तीच्या स्थितीत नेल्याशिवाय हात लावल्यास त्याची मोटर बिघडू शकते.

राहिला तुमचा पहिला प्रश्न. जाडी किमान आकड्याच्या वर असेल आणि चऱ्या किरकोळ असतील, तर आधी फक्त हब साफ करून, जुनीच डिस्क गेज लावून बसवून पाहा. पृष्ठभाग पॉलिश पेपरने आडवा-उभा घासून जुने ठसे काढा आणि पॅड मात्र नवे घाला. जाडीतला फरक अगदी अल्प असेल तर एवढ्याने गाडी शांत होते. थरथर उरलीच तर नव्या डिस्क आणा, हब आधीच तयार असेल. काम दुसऱ्याकडे देणार असाल तर डिस्क निघाल्यावर हबच्या बैठकीचा फोटो साफ करण्याआधी आणि नंतर असा दोनदा काढायला सांगा.